कापण्याआधी ओळखणे : क्रिस्परवर आधारित रोगनिदानाची प्रस्तावना

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एका मोठ्या अभ्यासाला सुरुवात झाली. मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो हाती घेतला होता. ४९७ गावांतल्या, ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. काही गावांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा डीएनए तपासला गेला, काही गावांत पेशींची तपासणी झाली, काही ठिकाणी ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी झाली आणि एका गटाला नेहमीची आरोग्यसेवा मिळत राहिली. ज्यांच्यात दोष आढळला त्यांच्यावर वेळीच उपचार झाले. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसले की डीएनए तपासणीच्या एकाच फेरीने या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. बाकीच्या दोन पद्धतींना तेवढे यश आले नव्हते.

ज्या विषयाची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे, त्याच्याकडे वाचकांनी या अभ्यासाच्या वाटेने यावे असे मला वाटते. रोगाचा माग त्याच्या डीएनएत किंवा आरएनएत वेळेवर लागला तर माणसे वाचतात, आणि हे मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला दाखवून दिले आहे. त्या तपासणीला मात्र प्रयोगशाळा लागत होती, यंत्रे लागत होती, प्रशिक्षित माणसे लागत होती. नमुना गावातून जायचा आणि उत्तर दूरवरून यायचे. तीच ओळख तेवढ्याच खात्रीने गावच्या उपकेंद्रात, बाई समोर बसलेली असतानाच पटवता येईल का? गेल्या दहा वर्षांत या प्रश्नावर जे काम उभे राहिले, त्यातला एक अत्यंत देखणा भाग म्हणजे क्रिस्परवर आधारित जैवसंवेदक.

क्रिस्पर म्हटले की बहुतेकांना जनुक-संपादन आठवते, आणि ते साहजिकही आहे. एमान्युएल शार्पोंतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते डीएनए हव्या त्या ठिकाणी कापण्याच्या या साधनासाठीच. म्हणून नव्या वाचकाच्या मनात पहिली शंका येते ती अशी, की तपासणीसाठी माझ्या जनुकांना हात लावणार का? नाही. इथे कुणाचेही जनुक बदलले जात नाही. थुंकी, रक्त किंवा घशातला स्राव शरीरातून बाहेर घेतला जातो आणि पुढचे सगळे एका छोट्या नळीत किंवा कागदी पट्टीवर घडते. जनुक-संपादनात जे प्रथिन डीएनए कापते, त्याला कापण्याआधी नेमकी जागा ओळखावी लागते. रोगनिदानाला हवी असते ती ही ओळखण्याची शक्ती. कापणे आले तर ते केवळ खूण म्हणून, आणि काही पद्धतींत तर त्याचीही गरज उरत नाही. एवढे एक सूत्र हाती धरले, तर पुढच्या नावांच्या आणि संक्षेपांच्या गर्दीत तुम्ही वाट चुकणार नाही.

या शक्तीचे मूळ जिवाणूंमध्ये आहे. १९८७ साली ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएत एक चमत्कारिक रचना दिसली. सारखाच मजकूर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत होता. त्याचा अर्थ तेव्हा कुणालाच लागला नाही. स्पेनमधल्या अलिकांते शहरात फ्रान्सिस्को मोहिका यांना मिठागरांतल्या सूक्ष्मजीवांमध्ये तशीच रचना आढळली, आणि त्यांनी तिचा पिच्छा सोडला नाही. या पुनरावृत्तींच्या मधल्या जागांत असलेला मजकूर विषाणूंच्या डीएनएशी जुळतो, हे २००५ साली स्पष्ट झाले. आपल्यावर पूर्वी हल्ला केलेल्या विषाणूंच्या खुणा जिवाणूंनी जपून ठेवल्या होत्या. दोनच वर्षांनी दह्याच्या उद्योगात वापरल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस या जिवाणूवर प्रयोग करून डॅनिस्को कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ही खरोखरच एक प्रतिकारयंत्रणा असल्याचे सिद्ध केले. या साऱ्या संशोधनाला तेव्हा उपयोगाचे असे काही कारण नव्हते. मिठागरातला एक जीव असा का वागतो, हे जाणून घेण्याची ओढ होती. विज्ञानशिक्षकांनी हा इतिहास वर्गात सवडीने सांगावा, तो सांगण्याजोगा आहे.

या यंत्रणेचे दोन भाग असतात. एक प्रथिन, ज्याला कॅस म्हणतात, आणि दुसरा मार्गदर्शक आरएनए. या आरएनएत साधारण वीस अक्षरांचा एक मजकूर असतो. त्याला पूरक असा मजकूर समोरच्या डीएनएत किंवा आरएनएत सापडला की प्रथिन तिथे घट्ट बसते. मार्गदर्शकाची अक्षरे बदलली की लक्ष्य बदलते, प्रथिन तेच राहते. प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचणीत प्रत्येक नव्या रोगासाठी नवे प्रतिपिंड शोधावे लागते. इथे नव्या विषाणूचा जनुकीय मजकूर हाती आला की मार्गदर्शक काही दिवसांत तयार करता येतो. या क्षेत्राची झेप आणि साथीच्या काळात त्याला आलेले महत्त्व यांचे कारण यातच आहे.

निदानाच्या दृष्टीने कलाटणी मिळाली ती २०१६ साली. आरएनए ओळखणारे कॅस-१३ हे प्रथिन आपले लक्ष्य सापडल्यावर तिथेच थांबत नाही, तर आजूबाजूला तरंगणारे इतर आरएनएही कापत सुटते, असे लक्षात आले. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर बसलेल्या राखणदाराला एक पाखरू दिसावे आणि त्याने चहूकडे गोफण फिरवायला सुरुवात करावी, तसेच हे. जिवाणूच्या पोटात या वागण्याचा हेतू काहीही असो, रसायनशास्त्रज्ञांनी त्यातली संधी हेरली. नळीत मुद्दाम असे दर्शक रेणू टाकायचे, की ज्यांच्या एका टोकाला चमकणारा रंगकण आहे आणि दुसऱ्या टोकाला ती चमक दाबून ठेवणारा रेणू. ते अखंड असेपर्यंत अंधार असतो. कॅस-१३ जागे होऊन त्यांना कापू लागले की दोन्ही टोके वेगळी होतात आणि नळी उजळते. एका लक्ष्यरेणूमागे असे असंख्य दर्शक कापले जातात, म्हणजे संकेत आपोआप वाढत जातो. २०१७ साली मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या गटाने या तत्त्वावर शेरलॉक ही पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी डाउडना यांच्या प्रयोगशाळेने डीएनए ओळखणारे कॅस-१२ वापरून डिटेक्टर ही पद्धत आणली, आणि तिची पहिली कसोटी लागली ती एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांवर. धाराशिवच्या त्या अभ्यासाचा शत्रूही हाच विषाणू होता, आणि त्याच्या सर्वांत घातक प्रकारांमध्ये हे दोन मोडतात.

आता जैवसंवेदकाविषयी. ही कल्पना क्रिस्परपेक्षा बरीच जुनी आहे. १९६२ साली अमेरिकेत लीलँड क्लार्क यांनी ग्लुकोज ओळखणारे विकर आणि विद्युत-अग्र यांची सांगड घातली. आज घरोघरी बोटाला टोचून साखर मोजणारे जे यंत्र दिसते, त्याचा वंश तिथून सुरू होतो. प्रत्येक जैवसंवेदकात ओळखणारा एक जैविक भाग असतो आणि त्या ओळखीचे मोजता येईल अशा संकेतात रूपांतर करणारा दुसरा. क्रिस्परने पहिल्या भागात मोठी भर घातली. दुसऱ्या भागात प्रकाश, रंग, वीज असे कितीतरी मार्ग मोकळे आहेत, आणि इथेच वेगवेगळ्या शाखांच्या लोकांना भरपूर काम आहे. २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या एका गटाने ग्राफीनच्या पातळ थरावर जनुक-संपादनातले कॅस-९ हे प्रथिन, त्याची कापण्याची शक्ती काढून घेऊन, बसवले. लक्ष्य सापडून डीएनए त्याला चिकटला की ग्राफीनमधून वाहणारा विद्युतप्रवाह बदलतो आणि उत्तर मिळते. ड्यूशेन स्नायुक्षय या आनुवंशिक आजारात जनुकाचे तुकडे गळालेले असल्याचे त्यांनी अशा रीतीने, डीएनएच्या प्रती न वाढवता, टिपले. २०२१ साली हार्वर्ड आणि एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी गोठवून वाळवलेली शेरलॉकची सामग्री चेहऱ्यावरच्या मास्कमध्ये बसवून दाखवली. बटण दाबून पाणी सोडायचे आणि दीड तासात कोरोनाचे उत्तर वाचायचे.

एक आकडा मात्र नव्या वाचकांनी समजून घ्यावा, कारण जाहिरातींत तो नेहमी निसटतो. कॅस-१२ किंवा कॅस-१३ एकट्याने, प्रती न वाढवता, साधारण पिकोमोलर पातळीपर्यंत लक्ष्य ओळखते. म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे सहा लाख रेणू असावे लागतात. रुग्णाच्या नमुन्यात विषाणू बहुधा इतके नसतात. म्हणून आधी प्रती वाढवाव्या लागतात. पीसीआरमध्ये त्यासाठी तापमान ९५ अंशांपर्यंत पुन्हा पुन्हा वरखाली करावे लागते. समतापी पद्धतींत एकच तापमान पुरते, आरपीएला सुमारे ३७ ते ४२ अंश आणि लॅम्पला ६० ते ६५ अंश. प्रती वाढवल्यावर हीच चाचणी ॲटोमोलर पातळीला, म्हणजे मायक्रोलिटरमध्ये एखाददुसऱ्या रेणूपर्यंत उतरते. ‘क्रिस्परची संवेदनशीलता’ म्हणून जे सांगितले जाते त्यातला मोठा वाटा या आधीच्या पायरीचा असतो. क्रिस्परचे खास देणे आहे ते अचूकपणाचे, चुकून वाढलेला भलताच मजकूर बाजूला सारून खरे तेवढेच सांगण्याचे.

हा अचूकपणा किती बारीक असू शकतो, हे पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. सिकलसेल आजारात बीटा-ग्लोबिन जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. जीएजीच्या जागी जीटीजी येते, प्रथिनात ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरपासून भंडारा-गोंदियापर्यंत, आणि तिकडे नंदुरबारमध्ये हा आजार कुटुंबाकुटुंबांना ठाऊक आहे. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा अशा अनेक समाजांत त्याचे वाहक आहेत. गावपातळीवर सोल्युबिलिटीची नळी वापरतात. ती स्वस्त आहे आणि तिने फार मोठे काम केले आहे. पण ती वाहक आणि रुग्ण, म्हणजे ‘एएस’ आणि ‘एसएस’, यांत फरक करू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. शिवाय नवजात बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असल्याने पहिले काही महिने या नळीवर भरवसा ठेवता येत नाही. डीएनए मात्र जन्मापासून तोच असतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, हे लक्षात घेतले तर अचूक आणि जवळ मिळणाऱ्या उत्तराचे मोल कळते.

नवी दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांचा गट याच आजारावर काम करत होता. फ्रान्सिसेला नोविसिडा या जिवाणूतले कॅस-९ प्रथिन त्यांनी निवडले होते, कारण न जुळणाऱ्या अक्षरांविषयी ते फारच काटेकोर आहे. २०२० साली महासाथ आली आणि तेच कौशल्य त्यांनी कोरोनाकडे वळवले. सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचे फेलूदा हे नाव त्यांनी आपल्या चाचणीला दिले. टाटा समूहाच्या साथीने ती बाजारात येण्याजोगी झाली, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी तिला मान्यता दिली. संवेदनशीलता ९६ टक्के आणि विशिष्टता ९८ टक्के असे आकडे तेव्हा जाहीर झाले. चाचणीत प्रती वाढवण्यासाठी महागड्या क्यूपीसीआर यंत्राऐवजी तापमान वरखाली करणारा साधा थर्मोसायक्लर चालतो, आणि उत्तर कागदी पट्टीवरच्या रेघांत वाचता येते. तिच्यातली माझ्या विशेष आवडीची गोष्ट अशी, की पट्टीवर रेघ उमटते ती प्रथिन लक्ष्याला चिकटल्यामुळे. काहीही कापले गेले नाही तरी चालते. वर सांगितलेले सूत्र इथे आपल्याच देशातल्या एका प्रयोगशाळेत पूर्णत्वाला गेलेले दिसते, आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

एका अक्षराचा फरक टिपण्याची आणखी एक युक्ती अभ्यासकांनी जरूर समजून घ्यावी. मार्गदर्शक आरएनएत मुद्दाम एक अक्षर चुकीचे ठेवतात. एक चूक प्रथिन खपवून घेते, दोन खपवून घेत नाही. मग ज्या डीएनएत तपासायचे अक्षर जुळते तिथे एकच विसंगती उरते आणि संकेत मिळतो. जिथे ते जुळत नाही तिथे विसंगती दोन होतात आणि प्रथिन गप्प राहते. झिकाच्या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या प्रकारांत फरक करण्यासाठी शेरलॉकच्या कर्त्यांनी २०१७ साली ही युक्ती वापरली होती.

या क्षेत्रातले निबंध वाचताना तुम्ही कशाकडे पाहावे? सर्वांत आधी नमुन्याकडे. शुद्ध करून घेतलेल्या डीएनएवर चाचणी उत्तम चालली, एवढे पुरेसे नाही. रक्तातले आणि थुंकीतले कितीतरी घटक ही रसायने बंद पाडतात. थुंकीचा नमुना पातळ करणे, क्षयाच्या जंतूचे जाड कवच फोडणे, आतला डीएनए बाहेर काढणे ही कामे पुष्कळदा खुद्द ओळखण्यापेक्षा अवघड ठरतात. म्हणूनच २०१८ साली आलेली हडसन ही पद्धत, जिच्यात लाळ किंवा लघवी केवळ उष्णता आणि रसायने देऊन तयार करता येते, मला मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते. संवेदनशीलतेचे आकडे आता पुरेसे खाली आले आहेत. खरे काम उरले आहे ते नमुना आणि उत्तर यांच्यामधल्या पायऱ्या कमी करण्याचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच ओघात झाकण उघडण्याचा प्रश्न येतो. प्रती वाढवलेल्या नळीचे झाकण उघडून तिच्यातला द्रव दुसऱ्या नळीत घातला, तर हवेत उडालेले कण पुढच्या रुग्णाचा नमुना दूषित करू शकतात. एकाच बंद नळीत सगळे उरकणारी पद्धत कागदावर कमी आकर्षक दिसली तरी उपकेंद्रासाठी तीच चांगली. शिवाय सामग्री गोठवून वाळवलेली आहे की तिला शीतसाखळी लागते, हेही विचारावे. उन्हाळ्यात चंद्रपूरला ४५ अंश तापमान आणि जाऊन-येऊन असलेली वीज यांत टिकेल तीच खरी चाचणी.

उत्तराचा अर्थ लावतानाही सावधपणा हवा. डीएनए सापडला म्हणजे जंतू जिवंत आहे असे नव्हे. क्षयरोगाचे उपचार पूर्ण झालेल्या माणसाच्या थुंकीत मेलेल्या जंतूंचा डीएनए काही काळ सापडत राहतो. उलट काही ठिकाणी हाच डीएनए नवी वाट दाखवतो. लहान मुलांना थुंकी काढून देता येत नाही. अमेरिकेतल्या टुलेन विद्यापीठाच्या गटाने २०२२ साली रक्तात तरंगणारे क्षयजंतूच्या डीएनएचे तुकडे क्रिस्परने ओळखून मुलांमधल्या निदानाची शक्यता पुढे आणली. आणि आनुवंशिक आजाराच्या बाबतीत उत्तर एका माणसापुरते नसते. ‘वाहक’ असा शेरा एखाद्या मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात काय करू शकतो, हे विदर्भातल्या आशाताईंना कुणी सांगायला नको. समुपदेशनाची तयारी नसेल तिथे वेगवान चाचणी नेण्याची घाई करू नये.

इथे रेण्वीय जीवशास्त्राच्या पदवीधरांखेरीज इतरांचेही मनापासून स्वागत आहे. पट्टीवरची फिकट रेघ मोबाईलच्या कॅमेऱ्याने नेमकी वाचणे हे संगणकवाल्यांचे काम आहे, ग्राफीनवरचा क्षीण प्रवाह मोजणे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे, आणि कुठल्या गावात कुठली चाचणी लागते हे सांगणे आरोग्यसेवकांचे. शोध प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंत कसा जातो याचा नमुना पाहायचा असेल तर गोव्याकडे पाहावे. तिथल्या मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट यंत्र क्षयाच्या निदानासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचले आहे, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. ते क्रिस्परवर चालत नाही, पीसीआरवर चालते. पण वीज, धूळ, प्रशिक्षण आणि किंमत यांचे जे प्रश्न त्याने सोडवले, तेच उद्या क्रिस्परच्या चाचणीपुढे उभे राहणार आहेत.

सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. शेरलॉकचा २०१७ चा आणि कॅस-१२ चा २०१८ चा मूळ निबंध आधी वाचावा. दोन्ही आटोपशीर आहेत आणि आकृत्या नीट पाहिल्या तर पदवीच्या विद्यार्थ्यालाही झेपतात. त्यानंतर फेलूदाचा. मग तंत्रांची यादी बाजूला ठेवून एकच आजार निवडावा आणि त्याच्या निदानाची आजची वाट पायरीपायरीने लिहून काढावी. नमुना कोण घेते, तो कुठे जातो, उत्तर किती दिवसांनी येते, तोपर्यंत रुग्ण कुठे असतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले आहे, तेव्हा सिकलसेल निवडला तर काम आणि सहकारी दोन्ही जवळच मिळतील. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या एका थेंबातून, तो वाळवणे किंवा शुद्ध करणे न लागता, बंद नळीत ‘एए’, ‘एएस’ आणि ‘एसएस’ असे तिन्ही प्रकार वेगळे करून दाखवणारी आणि प्रसूतिगृहातल्या परिचारिकेला एकटीने करता येईल अशी चाचणी, हा त्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा असा पहिला प्रश्न मी सुचवीन.